सोनेरी मंडपातली दोन रिळं

"रांग मोडू नका! ज्याची वेळ येईल त्याला दिसणार आहे!" पांढऱ्या झब्ब्यातला स्वयंसेवक भोंग्यातून ओरडत होता, आणि ज्यांना रांगच धड दिसत नव्हती असे दीड-दोनशे लोक ती न मोडण्याची पराकाष्ठा करत होते.

दुपारचे बारा वाजले होते. अंगणाच्या भिंती चुन्याने पांढऱ्याफटक, खाली पांढरी फरशी, एका बाजूला नव्याकोऱ्या पत्र्याचं कुंपण. डोक्यावर एक फडकंसुद्धा नाही. धडधाकट माणसानेही डोळे बारीक करावेत असं ते अंगण, आणि ज्यांना उजेड सोसत नाही अशांनाच तिथे नेमकं तासभर उभं केलं होतं. "तपाचा भाग आहे," असं स्वयंसेवक सांगत. भोंग्यातून एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजत होती, 'मी पाहतो, कारण तू दाखवतोस.'

फाटकाशी वेताची एक मोठी टोपली ठेवली होती. आत येताना प्रत्येकाने आपला काळा चष्मा, टोपी, काठी, जे काही असेल ते तिच्यात टाकायचं. आंधळेपणाची निशाणी घेऊन उजेडाच्या दारात जायचं नसतं म्हणे! टोपली शिगोशीग भरली होती. महाराजांचं नाव लांबलचक होतं, पण लोक त्यांना उजेडबाबाच म्हणत.

रांगेत आईच्या दंडाला धरून एक बाई उभी होती. शर्टांच्या कारखान्यात ती कॉलर शिवायची. तिथे डोक्यावर सहा ट्यूबलाइट पेटलेल्या असत, त्यांचा उजेड सोसेना म्हणून ती मशीनवर बसतानाही पुढे छज्जा असलेली टोपी घालायची, आणि त्यावरून तिचं नाव टोपीवाली पडलं होतं. "छतातून ऊन येतं का गं तुझ्या?" असं सुरुवातीला सगळ्यांनी विचारून झालं होतं. आज टोपी टोपलीत गेली होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. हे रडणं नव्हतं. उजेड तिला बोचायचा, डोळ्यांत वाळू गेल्यासारखा, आणि सगळं जग दुधात बुडाल्यासारखं पांढरं व्हायचं.

"थोडं सोस गं," आई म्हणाली. "धाकट्यानेही सोसलंच ना? बघ, आज कसा उभा आहे."

धाकटा, म्हणजे तिचा भाऊ, पायऱ्यांवर सगळ्यांना दिसेल असा उभा होता. त्याचाही आजार तोच. डोळ्याच्या आतला पडदा कडेकडेने मरत जातो, अंधारात दिसेनासं होतं, उजेडात डोळे दिपतात, आणि समोरचं तेवढं बराच काळ शाबूत राहतं. दोघांनाही जन्मापासून मिळालेला. आता स्वयंसेवकाने त्याचा हात वर धरून भोंग्यात सांगितलं, "हे बघा! मागच्या शनिवारी हे चाचपडत आले होते. आणि परवा सोमवारी हे टेम्पो चालवणार आहेत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आईने डोळ्यांना पदर लावला. टोपीवालीने मात्र टाळी वाजवली नाही.

टेम्पोची गोष्ट खरी होती. धाकटा फरश्या वाहायचा. सहा महिन्यांपूर्वी रस्त्याच्या कडेला उभी असलेली एक सायकल त्याने टेम्पोखाली चिरडली. सायकलवाला चहा घ्यायला उतरला होता म्हणून वाचला. धाकट्याने त्याच दिवशी टेम्पो दारात लावला, त्यावर ताडपत्री घातली आणि घरात बसून राहिला. बत्तिसाव्या वर्षी माणूस असा बसला की घराची काय दशा होते ते घरातल्यांनाच कळतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी कागद चाळले, "याला सध्या औषध नाही, सहा महिन्यांनी या," म्हणाल्या आणि पुढच्या रोग्याला हाक मारली. सगळं मिळून तीन मिनिटं. उजेड सोसत नाही याचं काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि यांनीही विचारलं नाही. मग कुणीतरी उजेडबाबांचा पत्ता दिला.

मागच्या शनिवारी आई त्याला इथे घेऊन आली, आणि मंडपात त्याने म्हणे फळ्यावरची अक्षरं वाचली. घरी आला तो डोळ्यांवर पट्टी बांधून. 'तेज मुरेपर्यंत सोडायची नाही, तीन दिवस घराबाहेर पडायचं नाही,' असं पथ्य होतं. तीन दिवस तो दार लावून मजेत होता. चौथ्या दिवशी बाहेर पडला आणि पाच मिनिटांत परत आला. टोपीवाली कामावरून आली तेव्हा तो ओला टॉवेल तोंडावर घेऊन कोपऱ्यात पडला होता.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"दुखणारच. बाबांनी आधीच सांगितलंय, दुखलं की समजायचं, जुना अंधार बाहेर पडतोय."

काय सोय आहे बघा! दुखलं नाही तर चमत्कार, आणि दुखलं तर चमत्कार चालू आहे.

टोपीवालीने त्याला समजावून पाहिलं, पण तिचं ऐकतो कोण? शेवटी आईने तिलाही गळ घातली. "एकदा तू ये. तुझेही डोळे उघडतील. मग मला सुखाने मरायला मोकळीक." आईला बाबांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "माय, हा अंधार तुझ्या कुशीतून आलाय." त्या दिवसापासून आई एक वेळ जेवत होती. ते बघवेना म्हणून टोपीवाली आली होती. कारखान्यातून परस्पर निघाल्यामुळे दोऱ्याची रिळं तिच्या पिशवीत तशीच राहिली होती.

एक वाजता दार उघडलं आणि रांग आत सरकली.

आता जे झालं ते खरंखुरं सांगायला हवं, नाहीतर माणसं का फसतात ते कळणार नाही. आत पाऊल टाकलं आणि टोपीवालीचा जीव भांड्यात पडला. मंडप सोनेरी होता. भिंती, सतरंजी, माणसांचे चेहरे, सगळं मधासारख्या उजेडात न्हालेलं. कुठे चमक नाही, कुठे बोच नाही. डोळ्यांतलं पाणी हळूहळू थांबलं. "डोळे मिटा आणि श्वास मोजा," असं सांगून वीस मिनिटं बसवलं, आणि उघडल्यावर तर तिला समोरच्या बाईच्या साडीच्या काठावरची नक्षीसुद्धा स्पष्ट दिसली. कपाळामागे वर्षानुवर्षं ताणून बांधलेली दोरी कुणीतरी सैल केली, असं तिला वाटलं. तिला हुंदका आला. हे खरं असेल तर, ती मनात म्हणाली, मी चुकले. धाकट्या, मी चुकले रे.

"ही आभा माझी नाही," उंच आसनावरून उजेडबाबा म्हणाले. ते गोरेगोमटे होते आणि त्यांचा आवाज तुपासारखा होता. "तेजाला तेज भेटलं की काय होतं?"

"अंधार पळतो!" मंडप गरजला.

"कोण पळतो?"

"अंधार!"

"मग डॉक्टर काय करतात?" बाबांनी डोळे मिचकावले. "तारीख देतात!"

मंडप खदखदून हसला. टोपीवालीलाही हसू आलं, कारण एवढं एक मात्र खरं होतं.

मग फळा आणला. काळाकुट्ट फळा, त्यावर वीतभर उंचीची पिवळीधमक अक्षरं. एक म्हातारे गृहस्थ उठले आणि थरथरत्या आवाजात वाचू लागले, "मी पाहतो... कारण तू... दाखवतोस!" त्यांची सून ढसाढसा रडायला लागली. तासभर कानात वाजत असलेली ओळ त्यांनी डोळे मिटूनही म्हणून दाखवली असती, पण हे त्या घटकेला कुणाच्या मनात येणार? टोपीवालीच्याही आलं नाही.

तिच्या मनात आलं ते भलतंच. कारखान्यातल्या कटिंगमास्तरांचा एक कडक नियम होता. दोरा कापडाशी जुळवायचा तर तो ट्यूबखाली जुळवायचा नाही, दारात नेऊन उघड्या उजेडात बघायचा. ट्यूबखाली जुळलेला दोरा बाहेर निराळा निघतो आणि अख्खा गठ्ठा परत येतो. टोपीवालीला दारात जाणं म्हणजे शिक्षा होती. दिवसातून वीस वेळा ती डोळ्यांवर हात धरून दारात जायची, आणि सगळ्या जणी म्हणायच्या, "निघाली बघा टोपी!" आता वाटलं, संपला तो जाच. या नव्या डोळ्यांनी बसल्या जागी दोरा ओळखता येईल. आनंदाच्या भरात तिने पिशवीत हात घातला आणि दोन रिळं बाहेर काढली. एक पांढरं, एक लिंबाच्या सालीसारखं पिवळं. सकाळीच दारात उभी राहून तिने ती निवडली होती.

दोन्ही रिळं सारखीच दिसत होती.

तिने ती डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, उलटीसुलटी केली. काही फरक नाही. गेले, तिला वाटलं, उरलेसुरले डोळेही गेले. रंगच कळेनासे झाले तर कारखान्यात मला ठेवणार कोण?

"आई," तिने कुजबुजत विचारलं, "यातलं पांढरं कुठलं?"

आईची नजर अशी की पासष्टाव्या वर्षी विनाचष्मा सुईत दोरा ओवायची. तिने रिळं हातात घेतली, जवळ धरली आणि म्हणाली, "दोन्ही सारखीच की गं. पिवळीच आहेत ना?"

टोपीवालीने रिळं परत घेतली आणि ती आईकडे बघत राहिली. आजार आपल्याला आहे. आईला कसलाच नाही. तरी आईलाही दिसत नाही. म्हणजे डोळ्यांत काही झालेलं नाही. जे काही झालंय ते या उजेडात झालंय. तिने मान वर केली. उंचावर ओळीने खिडक्या होत्या, त्यांना पडदे होते, आणि पडद्यांच्या फटींतून येणारी तिरीपसुद्धा पिवळीच होती. उन्हाची तिरीप पिवळी? या अंगणात? एका तासापूर्वी तर ती सुरीसारखी पांढरी होती.

"महाराज," ती उठून उभी राहिली. "माझ्या हातात दोन रिळं आहेत. त्यातलं पांढरं कुठलं, ते तुम्ही सांगाल?"

बाबा हसले, पण जरा उशिराने.

"बाळ, इथे सगळं एकच होतं. भेद दिसतो तो अंधारात."

"मग हे सगळे तर भेद दिसावा म्हणूनच आलेत ना? माझ्या भावाला रस्ता आणि माणूस यांतला भेद दिसायला हवाय. तो परवा टेम्पो चालवणार आहे."

"ताई, खाली बस!" पुढून धाकट्याचा आवाज आला. "चारचौघांत शोभा करू नकोस!"

स्वयंसेवक तिच्याकडे यायला निघाला. ती त्याच्याआधी भिंतीशी पोचली. रिळं एका हातात धरून दुसऱ्या हाताने तिने पडद्याची दोरी ओढली. पडद्यामागे काच होती आणि काचेला आतून पिवळा कागद चिकटवलेला होता, दुकानदार उन्हाने माल विटू नये म्हणून लावतात तसला पारदर्शक कागद. काचेच्या झडपेला खाली साखळी होती. साखळी ओढली की काय होणार, हे त्या मंडपात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने डोळे घट्ट मिटले आणि साखळी ओढली.

दुपारचं ऊन धाडकन आत पडलं. मंडप एकदम ओरडला. ज्यांचा अंधार पळाला होता ते सगळे तोंडावर हात घेऊन खाली वाकले. फळा वाचणारे गृहस्थ सुनेला शोधत हवेत हात फिरवू लागले. धाकटा गुडघ्यांत डोकं खुपसून बसला. टोपीवालीला स्वतःला काहीच दिसत नव्हतं. पांढरं दूध, आणि त्यात सुया. रिळं धरलेला हात तिने आईच्या दिशेने पुढे केला.

"आता सांग, आई."

आईने जवळ येऊन रिळं उन्हात धरली. मग ती हळूच म्हणाली, "हे पांढरं. हे पिवळं."

"पाप! महापाप!" बाबा गरजले. "हिने तुमचं तेज बाहेर घालवलं!"

काही जण तिच्या अंगावर धावले. एका बाईने तिची वेणी ओढली. कुणीतरी ओरडलं, "आम्हाला दिसत होतं, तुझ्या पोटात का दुखतंय?" पण बाकीचे सगळे फाटकाकडे निघाले होते. तिथे टोपलीभोवती झुंबड उडाली. दृष्टी लाभलेली माणसं एकमेकांना ढकलत आपापला काळा चष्मा शोधत होती. एकाच्या हाती दुसऱ्याची टोपी, तिसऱ्याच्या हाती चौथ्याची काठी. त्या टोपलीत हात घालून चाचपडणारी ती माणसं आठवली की टोपीवालीला आजही कसंतरी होतं.

धाकट्याच्या डोळ्यांचं पाणी थांबेना म्हणून तिथून ते तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले. हकीकत ऐकताना बाईंनी पेन खाली ठेवलं.

"लबाडीच आहे, पण हुशारीची," त्या म्हणाल्या. "आधी चकाकणाऱ्या अंगणात तासभर उभं करून डोळे दिपवले. मग पिवळ्या उजेडात आणून बसवलं. उन्हातला निळसर भाग तुमच्यासारख्या पुष्कळांना फार टोचतो. पिवळी काच तो अडवते. चकाकी जाते, आणि ठळक अक्षरं अजून ठळक वाटतात. शिवाय दिपलेल्या डोळ्यांना सावरायला तुम्हा लोकांना जास्त वेळ लागतो, तो त्या वीस मिनिटांत मिळाला. आराम पडला तो खोटा नव्हे. पण पडदा होता तसाच आहे."

"म्हणजे नुसता पिवळा कागद?" आईने विचारलं.

"हो. आणि पिवळ्या उजेडात पांढरं पिवळं दिसणारच. तुमच्या मुलीने ते बरोबर पकडलं."

"मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" टोपीवालीचा आवाज चढला. "पिवळी काच, टोपी, एवढं तरी? त्या बाबाने तासभर का होईना, आम्हाला बरं वाटायला लावलं. तुम्ही तारीख दिलीत."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चुकलं माझं." त्यांनी कपाटातून रंगीत काचांची पेटी काढली. पिवळी, केशरी, तांबूस, अशा काचा त्या एकेक करून दोघांच्या डोळ्यांसमोर धरत गेल्या. कुणाला कुठली मानवेल ते आधी सांगता येत नाही, असंही म्हणाल्या. धाकट्याने तांबूस काच धरून खिडकीबाहेर बघितलं आणि त्याचे खांदे खाली आले.

"आणि माझ्या कुशीचं?" आईने एकदम विचारलं.

"काकू, हे अर्धं तुमच्याकडून आलं आणि अर्धं यांच्या वडिलांकडून. तुम्हाला दोघांना माहीतही नव्हतं, माहीत असायचं कारणही नव्हतं. हा दोष कुणाचाच नाही. घरी जाऊन नीट जेवा."

आई खुर्चीवर बसल्या बसल्या रडली. आठ दिवसांत तिचं पोट भरलं नव्हतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण धाकट्याने ती काच खाली ठेवली नव्हती. "मग झालंच तर," तो म्हणाला. "बाबा गेले खड्ड्यात. हा चष्मा लावून चालवतो." डॉक्टरीणबाईंनी कडेच्या नजरेचा नकाशा काढून दाखवला, मधोमध एक लहानसा गोल आणि भोवती सगळं काळं. त्याने मान फिरवली. तात्पुरता म्हणून दिलेला चष्मा घेऊन तो उठला, आणि दोन दिवस बहिणीशी बोलला नाही. एकदाच बोलला. "आठ दिवस मला दिसत होतं, ताई. तू ते घालवलंस."

"दिसत नव्हतं रे तुला," ती म्हणाली. "फक्त दुखत नव्हतं."

सोमवारी सकाळी त्याने टेम्पोवरची ताडपत्री काढली. तांबूस चष्मा लावला, टोपी घातली, किल्ली फिरवली. इंजिन धडधडायला लागलं. टोपीवाली धावत बाहेर आली आणि त्याच्या बाजूच्या खिडकीला धरून उभी राहिली.

"सोड, ताई. स्वच्छ दिसतंय मला. बघ, समोर विजेचा खांब, त्यावर कावळा. डोळे दुखतायत का? नाही!"

ती काही बोलणार एवढ्यात तिचं लक्ष टेम्पोच्या पलीकडे गेलं. तिनेही मान पूर्ण वळवल्यावरच ते तिला दिसलं होतं.

"आई कुठे आहे?" तिने विचारलं.

"असेल घरात. का?"

"बघ ना."

"अगं घरात असेल म्हटलं ना!"

"डावीकडे बघ. पूर्ण वळून बघ."

त्याने मान वळवली. डाव्या चाकापुढे, टेम्पोला हात टेकवून, आई उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे. कुणी तिला सांगितलं नव्हतं. ती नुसती लेकाकडे बघत होती. तिच्या पायांपासून चाक वीतभर लांब होतं.

धाकट्याने किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं. तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला, आणि त्या दोघींनी त्याला पोटभर रडू दिलं.

टेम्पो आता मावसभाऊ चालवतो. धाकटा शेजारी बसून माल उतरवून घेतो, तांबूस चष्मा लावून. कुरकुरतो, पण बसतो. त्याचे डोळे बरे झालेले नाहीत, होणारही नाहीत, निदान आज तरी त्यावर उपाय नाही. उजेडबाबांचा मंडप तीन आठवडे बंद होता. मग दुसऱ्या गावात उघडल्याचं ऐकलं. तिथेही टोपली असणार.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. आराम वाटला म्हणजे रोग गेला असं नाही. कुणी तुम्हाला बरं केल्याचं सांगू लागला, तर ज्या खोलीत तो चमत्कार करतो त्या खोलीत बसून त्यावर विश्वास ठेवू नका. मास्तर सांगायचे तसं करा, दारात नेऊन उघड्या उजेडात बघा. चार जणांना दाखवा, डॉक्टरांना विचारा, आणि डॉक्टर तारीख देऊन मोकळे होऊ लागले तर त्यांनाही खुर्चीवरून उठू देऊ नका. आणि काही झालं तरी आपली टोपी कुणाच्या टोपलीत टाकू नका.